त्रिंकोमाली वाचली, विक्रांत मोडली

१/
इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचे एक लहानसे बंदर आहे. तेथील जुन्या गोदीत 'एच.एम.एस. त्रिंकोमाली' ही तीन डोलकाठ्यांची लाकडी युद्धनौका पाण्यावर तरंगते आहे. सुटीच्या दिवशी आईवडील मुलांना घेऊन येतात. मुले तोफांच्या रांगेतून धावतात, खालच्या मजल्यावर डोके सांभाळत वाकून चालतात. ज्या फळ्यांवरून ती चालतात, त्या मूळच्या मलबारच्या सागाच्या. नौका मुंबईच्या गोदीत घडली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी अरबी समुद्राच्या पाण्यात उतरली.

२/
हार्टलपूलपासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही अंतर नसेल, तेथे टाईन नदीकाठी न्यूकॅसल हे शहर आहे. तेथील विकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत १९४३ साली एका विमानवाहू नौकेची उभारणी सुरू झाली. तिचे पहिले नाव 'हर्क्युलीस'. पुढे ती भारताने विकत घेतली आणि 'आय.एन.एस. विक्रांत' झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या दारुखान्यात ती मोडायला घेतली गेली.

३/
म्हणजे मुंबईत घडलेली नौका ईशान्य इंग्लंडमध्ये जपली गेली आणि ईशान्य इंग्लंडमध्ये घडलेली नौका मुंबईत मोडली गेली. यातील पहिलीने एकही मोठी लढाई लढली नाही. दुसरीने एका युद्धाच्या निकालाला हातभार लावला. जिच्या नावावर पराक्रम तीच राहिली नाही, हे कसे घडले? हा थ्रेड या दोन नौकांचा आणि त्या प्रश्नाचा आहे.

४/
आधी त्रिंकोमाली. १८०५ च्या ट्रफल्गारनंतरही नेपोलियनशी युद्ध चालूच होते आणि ब्रिटिश आरमाराला ओक लाकडाची टंचाई जाणवू लागली होती. मोठ्या जहाजाला शेकडो पूर्ण वाढलेली झाडे लागत आणि ओक वाढायला शतक जाते. तेव्हा आरमाराची नजर हिंदुस्थानच्या सागाकडे वळली. मुंबईची गोदी त्यासाठी तयारच होती.

५/
या गोदीमागे वाडिया घराणे होते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईला आले आणि पुढे सुमारे दीडशे वर्षे मुख्य जहाजबांधकाराचे पद या पारशी कुटुंबातच राहिले. १८१० साली येथे 'मिंडेन' ही ७४ तोफांची युद्धनौका तयार झाली. १८१३ साली 'कॉर्नवॉलिस' झाली. १८४२ मध्ये अफूच्या पहिल्या युद्धानंतर चीन आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या नानकिंगच्या तहावर याच कॉर्नवॉलिसवर सह्या झाल्या. मुंबईच्या सुतारांचे काम आणि साम्राज्याचा विस्तार एकाच लाकडात असे गुंफलेले होते.

६/
सागाचा मोठा गुण म्हणजे त्यातील तेल. ओकमधील आम्लामुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे गंजतात आणि खिळ्यांभोवतीचे लाकूडही सैल पडते. सागात लोखंड बरेच टिकते. शिवाय तो ओलाव्याला आणि किडीला सहजी दाद देत नाही. युरोपात बांधलेली जहाजे दोन-तीन दशकांत जर्जर होत असताना मुंबईची सागवानी जहाजे त्याहून कितीतरी अधिक काळ समुद्रावर राहिली, त्याचे कारण हेच.

७/
त्रिंकोमालीचा आदेश १८१२ सालचा. तिचे आराखडे लंडनहून 'जावा' नावाच्या युद्धनौकेतून मुंबईकडे निघाले. त्याच वर्षी ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात युद्ध पेटले होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यालगत 'यू.एस.एस. कॉन्स्टिट्यूशन' या अमेरिकन नौकेने जावाला गाठले आणि पराभूत केले. जावा इतकी मोडकळीस आली होती की अमेरिकनांनी ती जाळून टाकली. आराखडे गेले. लंडनहून पुन्हा नवे पाठवावे लागले.

८/
जावावर एक प्रवासी होता : सर टॉमस हिस्लॉप, मुंबईला मोठ्या पदावर निघालेला ब्रिटिश सेनानी. तो कैद झाला आणि नंतर सुटला. महाराष्ट्राच्या इतिहासाच्या वाचकांना हे नाव पुन्हा भेटते. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, तेव्हा समोरच्या ब्रिटिश सैन्याचा सेनापती हाच हिस्लॉप होता. ज्या नौकेचे आराखडे त्याच्यासोबत निघाले होते, ती त्याआधी दहा आठवडे मुंबईत पाण्यात उतरली होती.

९/
१८१७ हे वर्ष येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १२ ऑक्टोबरला मुंबईत त्रिंकोमालीचे जलावतरण झाले. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा शेवट सुरू झाला. एकीकडे मुंबई बेटावरील कारागीर जगातील उत्तम जहाजांपैकी एक घडवत होते आणि घाटाच्या वर मराठी सत्तेचा सूर्य मावळत होता. या दोन घटना पाठ्यपुस्तकांच्या वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. त्या घडल्या मात्र अवघ्या २४ दिवसांच्या अंतराने.

१०/
नौकेचे बांधकाम जमशेदजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली झाले. एप्रिल १८१६ मध्ये तिच्या तळाचा कणा बसवला गेला, तेव्हा पारशी प्रथेप्रमाणे त्यात रुप्याचा खिळा ठोकण्यात आला. तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट होती. श्रीलंकेतील बंदराचे नाव मिळालेली ही नौका १८१९ साली इंग्लंडला पोहोचली. तोवर नेपोलियन सेंट हेलेना बेटावर कैदेत होता. ज्या युद्धासाठी ती मागवली, ते संपून चार वर्षे झाली होती.

११/
मग आरमाराने तिला राखीव ठेवले. डोलकाठ्या उतरवून, वर छप्पर घालून ती पोर्ट्समथला जवळजवळ पाव शतक उभी राहिली. १८४७ नंतर तिने दोन मोठ्या मोहिमा केल्या : आधी उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीजच्या पाण्यात, नंतर १८५२ ते १८५७ या काळात प्रशांत महासागरात. क्रिमियन युद्धाच्या वेळीही ती प्रशांत महासागरातच होती. पण ज्याला लढाई म्हणावी, असे तिच्या वाट्याला काही आले नाही.

१२/
पुढचा काळ वाफेच्या जहाजांचा होता. शिडाची लाकडी युद्धनौका निरुपयोगी ठरली. १८६० नंतर तिच्यावर राखीव नौसैनिकांना तोफांचे प्रशिक्षण देऊ लागले. याच कामासाठी १८६२ पासून काही वर्षे ती हार्टलपूललाही उभी होती. अखेर १८९७ साली तिला मोडीत काढायचे ठरले आणि ती विकली गेली. या टप्प्यावर तिची कथा संपायला हवी होती.

१३/
ती संपली नाही, याला एक अपघात कारण झाला. जेफ्री व्हीटली कॉब नावाच्या एका धनिकाने नेल्सनची जुनी ध्वजनौका 'फूद्रोयां' विकत घेऊन ती मुलांच्या प्रशिक्षणासाठी चालवली होती. जून १८९७ मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात ती फुटली. कॉबला दुसरी नौका हवी होती आणि मोडीच्या व्यापाऱ्याकडे त्रिंकोमाली उभी होती. त्याने ती घेतली आणि पुढे तिला 'फूद्रोयां' हेच नाव दिले. मुंबईची नौका दुसऱ्याच नौकेच्या नावाने जगू लागली.

१४/
यानंतर सुमारे नव्वद वर्षे, १९८६ पर्यंत, ती मुलांची नौका होती. आधी फाल्मथला आणि मग पोर्ट्समथला किशोरवयीन मुले-मुली तिच्यावर राहायला येत. ती झुल्यात झोपत, वल्हवायला शिकत, डेक घासत आणि शिडाच्या होड्या चालवत. पुष्कळ कुटुंबांच्या सुटीच्या आठवणी तिच्याशी जोडल्या गेल्या. कोणत्याही अर्थाने ती वस्तुसंग्रहालय नव्हती. ती रोज वापरात होती, म्हणून कोणी ना कोणी तिची गळती रोज बुजवत होते.

१५/
पोर्ट्समथला तिच्या शेजारी 'इम्प्लॅकेबल' नावाची आणखी एक जुनी नौका उभी असे. ती मूळची फ्रेंच. ट्रफल्गारच्या लढाईत ती होती आणि तेथून निसटल्यावर इंग्रजांच्या हाती लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या दुरुस्तीचा खर्च कोणालाच झेपेना. २ डिसेंबर १९४९ रोजी ब्रिटन आणि फ्रान्स या दोन्ही देशांचे ध्वज लावून ती भर समुद्रात नेली आणि सुरुंग लावून बुडवली. स्फोटानंतरही ती कित्येक तास तरंगत राहिली.

१६/
म्हणजे 'पाश्चात्त्य लोक वारसा जपतात आणि आपण जपत नाही' असे सरळ सूत्र येथे लागू होत नाही. ट्रफल्गारच्या लढाईतील नौका ब्रिटनने स्वतःच्या हाताने बुडवली. त्या घटनेची टोचणी मात्र लोकांना लागली. थोड्याच वर्षांत 'कटी सार्क' या प्रसिद्ध व्यापारी जहाजासाठी संस्था उभी राहिली आणि १९५७ साली ते ग्रीनिचला लोकांसाठी खुले झाले. एक नौका गमावल्यावर पुढच्या नौकांची व्यवस्था लागली.

१७/
त्रिंकोमालीलाही या व्यवस्थेचा लाभ झाला. हार्टलपूल हे जहाजबांधणीचे गाव. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील गोद्या बंद पडल्या आणि बेकारी आली. १९७९ मध्ये 'एच.एम.एस. वॉरियर' ही १८६० सालची लोखंडी युद्धनौका जीर्णोद्धारासाठी तेथे आणली गेली. आठ वर्षे काम चालले. जुन्या कारागिरांची कौशल्ये नव्या हातांत आली. १९८७ मध्ये वॉरियर पोर्ट्समथला परतली आणि त्याच वर्षी त्रिंकोमाली हार्टलपूलला आली.

१८/
तिचा जीर्णोद्धार १९९० ते २००१ असा चालला. खर्च सुमारे एक कोटी पौंड झाला. १९९२ मध्ये तिला तिचे मूळ नाव परत मिळाले. कारागिरांना मोठा दिलासा लाकडाने दिला. पावणेदोनशे वर्षांनंतरही मूळ सागवानाचा बराच मोठा भाग शाबूत होता आणि तो तसाच ठेवता आला. पाण्यावर तरंगणारी सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणून ती आज ओळखली जाते. नेल्सनची 'व्हिक्टरी' तिच्याहून जुनी आहे, पण ती कोरड्या गोदीत उभी आहे.

१९/
आणि ती 'कॉन्स्टिट्यूशन'? जिने जावाला हरवले आणि आराखड्यांची पहिली प्रत मुंबईला पोहोचू दिली नाही, ती १७९७ सालची अमेरिकन नौका आजही बॉस्टनला तरंगते आहे. १९२० च्या दशकात तिच्या दुरुस्तीसाठी अमेरिकेतील शाळकरी मुलांनी नाणी गोळा केली होती. १८१२ साली जिने वाट अडवली आणि जिची वाट अडली, त्या दोन्ही नौकांवर आज मुले सहलीला जातात.

२०/
आता विक्रांत. 'हर्क्युलीस' १९४५ मध्ये पाण्यात उतरली, पण महायुद्ध संपल्यामुळे काम थांबले. १९५७ मध्ये भारताने ती अर्धवट अवस्थेत घेतली आणि बेलफास्टला पूर्ण करून घेतली. ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ती भारतीय नौदलात दाखल झाली आणि ३ नोव्हेंबरला मुंबईला आली. पंतप्रधान नेहरू स्वागताला हजर होते. नव्याने स्वतंत्र झालेल्या एका आशियाई देशाकडे विमानवाहू नौका असणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

२१/
१९७१ च्या युद्धात तिच्या एका बॉयलरला तडे गेलेले होते आणि ती पूर्ण वेगाने चालू शकत नव्हती. तरीही तिला बंगालच्या उपसागरात पाठवले गेले. ४ डिसेंबरपासून तिच्यावरील सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बझार, चितगाव आणि इतर ठिकाणी हल्ले केले. पूर्व पाकिस्तानची सागरी कोंडी झाली. तिला बुडवण्यासाठी आलेली 'गाझी' ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ स्वतःच तळाला गेली. बांगलादेशाच्या जन्मात या नौकेचा वाटा आहे.

२२/
३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. २००१ पासून तिच्यावर संग्रहालय सुरू झाले. हजारो मुंबईकर कुटुंबांनी ते पाहिले. पण ती नौदलाच्या सुरक्षित क्षेत्रात होती आणि वर्षातील मोजक्याच काळात, मुख्यतः डिसेंबरातील नौदल सप्ताहाच्या सुमारास, सामान्यांसाठी खुली असे. मनात आले म्हणून रविवारी दुपारी मुलांना घेऊन जावे, अशी ती जागा झाली नाही. पोलादी तळ खाऱ्या पाण्यात गंजत होता. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणास्तव संग्रहालय बंद झाले.

२३/
डिसेंबर २०१३ मध्ये लिलाव जाहीर झाला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये फेटाळली गेली. संग्रहालय चालवणे आर्थिकदृष्ट्या परवडणारे नाही, अशी शासनाची भूमिका होती. नौका सुमारे ६० कोटी रुपयांना विकली गेली. सर्वोच्च न्यायालयाने काही काळ स्थगिती दिली, मग ऑगस्टमध्ये मार्ग मोकळा केला. २२ नोव्हेंबर २०१४ पासून दारुखान्यात गॅस कटर चालू लागले.

२४/
ही नौका फारच मोठी होती, असे म्हटले जाते. ते खरे आहे. सुमारे २१० मीटर लांब आणि पूर्ण भारासह साडेएकोणीस हजार टनांचे पोलाद सांभाळणे हे ४५ मीटरच्या सागवानी नौकेसारखे नाही. पण आकार हे पुरेसे उत्तर नाही. 'यॉर्कटाउन' १९७५ पासून चार्ल्सटनजवळ, 'इन्ट्रेपिड' १९८२ पासून न्यूयॉर्कला आणि 'मिडवे' २००४ पासून सॅन डिएगोला संग्रहालय म्हणून उभ्या आहेत. तिन्ही विमानवाहू नौका आहेत आणि तिन्ही विक्रांतहून मोठ्या आहेत.

२५/
या नौकांत काय समान आहे? पहिले, जागा. त्या लोकांना पायी चालत जाता येईल अशा धक्क्याला लागलेल्या आहेत. दुसरे, मालकी. आरमाराच्या कामातून त्या पूर्णपणे बाहेर पडल्या आणि संग्रहालय चालवणे हेच ज्यांचे काम, अशा संस्थांकडे गेल्या. तिसरे, वर्षभराचे तिकीट. विक्रांतला यांपैकी एकही गोष्ट पुरती मिळाली नाही. तिच्यावर प्रेम करणारे लाखो होते, पण तिच्या गंजाची रोजची जबाबदारी असलेली स्वतंत्र संस्था उभी राहिली नाही.

२६/
जपानने आणखी वेगळा मार्ग काढला. १९०५ च्या त्सुशिमाच्या लढाईतील 'मिकासा' ही ध्वजनौका १९२६ मध्ये योकोसुकाला किनाऱ्याशी काँक्रीट आणि मातीत कायमची रोवली गेली. तळ पाण्यातून निघाला की खर्चाचे मोठे कारण जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिची दैना झाली, पण १९६१ मध्ये ती पुन्हा उभी केली गेली. आज तिच्याभोवती उद्यान आहे. भारतातही हाच विचार यशस्वी झाला, फक्त मुंबईत नाही.

२७/
'आय.एन.एस. कुरसुरा' ही सोव्हिएत बनावटीची पाणबुडी फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली. ती विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर वाळूत ओढून आणली गेली आणि ऑगस्ट २००२ मध्ये संग्रहालय खुले झाले. कारवारच्या रवींद्रनाथ टागोर बीचवर 'चपळ' ही क्षेपणास्त्र नौका अशीच जमिनीवर ठेवली आहे. दोन्ही ठिकाणी लोक आधी समुद्रावर फिरायला येतात आणि मग तिकीट काढून आत शिरतात. संग्रहालय माणसांच्या रोजच्या वाटेवर आणले, म्हणून ते चालले.

२८/
विक्रांतच्या मोडणीने भारतात इम्प्लॅकेबलसारखी टोचणी लावली का? 'विराट' मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गातील निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटींच्या योजनेला मंजुरी दिली. ते झाले नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ती अलंगला पोहोचली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोडकामाला स्थगिती दिली. एप्रिलमध्ये याचिका निकाली निघाली, तेव्हा जवळपास ४० टक्के नौका आधीच कापली गेली होती.

२९/
विक्रांतचे काय उरले? काही पोलाद एका मोटारसायकलच्या बनावटीत वापरले गेले. ज्या जातीची विमाने तिच्या डेकवरून उडत, ती सी हॉक आणि अलिझे गोव्यात दाबोळीच्या नौदल विमानवाहतूक संग्रहालयात पाहता येतात. तिचे नाव आणि तिचा क्रमांक, आर ११, सप्टेंबर २०२२ मध्ये कोची येथे दाखल झालेल्या नव्या विक्रांतला मिळाला. मुंबईत लायन गेटसमोर तिच्या पोलादातून घडवलेले स्मारक जानेवारी २०१६ मध्ये उभे राहिले.

३०/
त्रिंकोमालीच्या कथेची एक बाजू हार्टलपूलच्या गोदीत दिसत नाही. ती मलबारच्या जंगलात आहे. आरमाराच्या मागणीमुळे तेथील साग इतका तुटला की १८०६ मध्ये कंपनीने जंगलावर कॅप्टन वॉटसन नावाचा अधिकारी नेमला. हेतू जंगल वाचवण्याचा कमी आणि लाकडाचा पुरवठा हाती ठेवण्याचा अधिक होता. स्थानिकांचे झाडांवरचे हक्क गेले, असंतोष वाढला आणि १८२० च्या दशकात ते पद रद्द करावे लागले.

३१/
तोड चालूच राहिली. शेवटी १८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर कोनोली यांनी निलांबूरला साग लावण्याचे ठरवले. ती लागवड प्रत्यक्षात आणली चातू मेनन यांनी. जगातील सर्वांत जुन्या सागवनांत तिची गणना होते. तिच्यातील काही मूळ झाडे 'कोनोली प्लॉट' या नावाने राखलेली आहेत आणि केरळमधील कुटुंबे आज तेथे सहलीला जातात. हार्टलपूलची नौका आणि निलांबूरची झाडे ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत.

३२/
म्हणून जहाजाच्या संग्रहालयात मुलांना घेऊन गेल्यावर तोफा मोजून झाल्या की तीन प्रश्न विचारण्याजोगे आहेत. हे लाकूड किंवा हे पोलाद आले कोठून? हे घडवणारे हात कोणाचे? आणि निवृत्तीनंतर पहिली पंचवीस वर्षे हिची देखभाल कोणी केली? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे फलकांवर बहुधा मिळतात. तिसऱ्याचे क्वचित मिळते आणि नौका राहते की जाते, हे त्यावरच ठरते.

३३/
मुंबईत या दोन्ही कथा एका भिंतीशी येऊन भेटतात. लायन गेटच्या बाहेर, रहदारीच्या मधोमध विक्रांतचे स्मारक आहे. भिंतीच्या आत नौदलाची गोदी आहे, जेथे वाडियांच्या काळात बांधलेला डंकन डॉक अजून वापरात आहे. स्मारक कोणालाही, कोणत्याही दिवशी, तिकीट न काढता पाहता येते. ज्या गोदीने त्रिंकोमाली घडवली, ती पाहण्याची सोय रस्त्यावरच्या माणसाला आजही नाही.